पुस्तकांतला पंगतभेद

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक झळकले. फलकांवर पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, खाली शुभेच्छुकांची रांग. पुस्तक म्हणून मला एकावरही दिसले नाही. ज्या भाषेचा एवढा उत्सव मांडला, तिच्यातली कादंबरी शेवटची कधी हातात घेतली होती, असे त्या शुभेच्छुकांना विचारण्याची सोय नव्हती. पण हा प्रश्न त्यांच्यापुरता नाही. बंगला बांधताना देवघर, टीव्हीची भिंत आणि चपलांचे कपाट या सगळ्यांना जागा काढणाऱ्या, आणि पुस्तकांच्या एका फळीची ज्यांना आठवणही होत नाही, त्या तुम्हाआम्हा सुशिक्षितांना तो आहे.

गोष्टी वाचणे हा आपल्या लेखी आजही रिकामटेकड्यांचा उद्योग. मूल कादंबरी घेऊन बसले की ‘अभ्यास आटोपला का?’ हे ठरलेले. बाप वाचतो ती पुस्तके श्रीमंत कसे व्हावे, पहाटे पाचला कसे उठावे आणि माणसे वश कशी करावीत हे शिकवणारी. त्यांतून म्हणे काहीतरी पदरात पडते. कादंबरीतून काय पडणार?

हा हिशेब जुना आहे आणि त्याच्या मुळाशी भीती आहे. १८५७ साली बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ छापले गेले. पहिली मराठी कादंबरी म्हणून तिचे नाव आपण परीक्षेपुरते घोकतो; तिचा विषय विधवांची दैना हा होता, हे घोकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? मराठी कादंबरी जन्मली तीच समाजावरचे आरोपपत्र हातात घेऊन. पुढे १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ हप्त्याहप्त्याने येऊ लागली. यमू आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते: लहानपणीचे लग्न, सासरचा जाच, नवऱ्याच्या मायेने शिकलेली अक्षरे, मग वैधव्य आणि बळजबरीचे केशवपन. सभांमधल्या ठरावांना जिथे शिरकाव नव्हता त्या माजघरात हे साप्ताहिक करमणूक म्हणून शिरले. आज आपण जिला अभिजात म्हणून हात जोडतो ती कादंबरी तेव्हा पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणारी लोकप्रिय मालिका होती, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

‘नाटक-कादंबऱ्यांनी बायका बिघडतात’ ही हाकाटी त्यानंतरही कैक वर्षे चालली. बिघडतात म्हणजे काय होणार होते? वाचणारीला दुसरीचे दुःख आपले वाटले असते आणि मग स्वतःच्या दुःखाला नशीब म्हणायला तिची जीभ रेटली नसती. भीती होती ती एवढीच. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आले. शिकलेल्या, कमावत्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनातले बोलणाऱ्या लेखिकेला विभावरी शिरूरकर या टोपणनावाच्या आड उभे राहावे लागले. सुसंस्कृत मंडळींना पुस्तकात काय लिहिले आहे यापेक्षा ही बाई कोण, या चौकशीतच अधिक रस होता.

कादंबरी वाचू न देणाऱ्यांची ही तऱ्हा. जे वाचत होते त्यांनी निराळाच अधर्म केला. त्यांनी पुस्तकांच्या पंगती मांडल्या: माजघरात पाटावर अभिजात, बाहेर पडवीत लोकप्रिय. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावे चाळीचाळींत तोंडपाठ होती. पाळी संपवून आलेला गिरणी कामगार, छापखान्यात खिळे जुळवणारा, दुपारी घटकाभर मोकळी होणारी गृहिणी, यांना छापील मराठीची गोडी लागली ती कोणामुळे? निदान प्राध्यापकांमुळे नाही. वकील-मास्तरांच्या घरांतही ती पुस्तके वाचली जात. फक्त उशीखाली ठेवून. त्या ढिगात भरताड पुष्कळ आहे, इंग्रजीवरून उचललेलेही आहे. हे कबूल करायला हरकत कसली? पाखडून मागे काय उरते ते पाहणे हेच समीक्षेचे काम होते. ते न करता तिने सगळा ढीगच उंबऱ्याबाहेर लोटला, आणि पुस्तकांबरोबर त्यांचा वाचकही बाहेर गेला. दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणारी ती लहान वाचनालये एकामागून एक बंद पडली तेव्हा कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही. तो वाचक आपण कधी आपला मानलाच नव्हता.

अण्णा भाऊ साठ्यांपाशी आले की पंगतभेद हा नुसता अलंकार राहत नाही. शाळा जेमतेम दीड दिवसाची, मुक्काम घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत, आणि लेखणीतून उतरल्या तीसहून अधिक कादंबऱ्या. ‘फकिरा’ १९५९ ची. १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. तरीही वाङ्मयाच्या दरबारात त्यांना बसायला जागा मिळेपर्यंत ते हयात राहिले नाहीत. कथानकाला वेग आहे, नायक पराक्रमी आहे, शेवट नाट्यमय आहे, हे त्यांचे दोष ठरले. अलेक्झांडर ड्यूमाच्या कादंबऱ्यांत हेच सापडले की आपण त्याला रसवत्ता म्हणतो. हे दुखणे नवे नव्हते: १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र पाठवून नाकारले होते. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला थारा नाही त्यांच्यात मिसळायचे कशासाठी, असा त्या पत्राचा रोख. आता आपण संमेलनाच्या मांडवात त्यांची तसबीर लावतो आणि पत्राचे उत्तर अजून द्यायचे राहिले आहे हे सोयीने विसरतो.

अभिजाताची एवढी चाड असलेल्या समाजाने अभिजाताला तरी जगवले का? उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची. वैदर्भी बोलीतली, कौतिक नावाच्या बाईच्या चिवट झुंजीची ती कादंबरी मराठीतल्या पहिल्या पाच-सातांत ठेवावी अशी आहे. पुढे लेखणीवरच पोट भरायचे म्हणून शेळक्यांनी रंजक कादंबऱ्यांचा रतीब घातला. ‘केवढा लेखक वाया गेला’ म्हणून हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘धग’ची प्रत विकत घेतली होती?

या पंगतभेदाला अपवादही होते. अनंत अंतरकरांसारखा संपादक एका हाताने ‘हंस’ चालवी आणि दुसऱ्या हाताने विनोदाला ‘मोहिनी’, अद्भुताला ‘नवल’ अशी स्वतंत्र घरे बांधून देई. त्याला कोणत्याच घराची लाज वाटली नाही. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. आपल्याकडे आधी नाव पाहतात आणि मग गोष्ट, हे त्यांना पुरते माहीत असावे.

आता मूळ दुखणे. मराठी मध्यमवर्ग काहीच वाचत नाही, हे पूर्ण खरे नाही. तो ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘पानिपत’ वाचतो, मुलांना वाढदिवसाला देतो, दिवाणखान्यात मांडतो. ही पुस्तके वाईट आहेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. वाईट आहे ते तिथेच मुक्काम ठोकणे. ‘स्वामी’तले माधवराव आणि रमाबाई एकांतात काय बोलले, हे रणजित देसाईंना कोणत्याही दप्तरात सापडले नव्हते. १९६२ साली त्यांनी ते रचले, आणि कादंबरीकाराचा तो हक्कच आहे. पण एकाच जातीच्या कादंबरीवर वाढलेला वाचक रचलेल्या संवादाला इतिहास समजतो. मग तो त्यावरून भाषणे करतो, भांडतो, आणि भांडण पुरेसे तापले की कोणाच्या ना कोणाच्या भावना दुखावतात. ज्या समाजाला गोष्ट आणि दाखला यांतला फरक कळत नाही, त्याला कोणीही कोणतीही गोष्ट दाखला म्हणून विकू शकतो.

रहस्यकथांवर पोसलेला वाचक इतक्या सहजी फसत नाही. पहिल्या प्रकरणात ज्याच्याकडे सगळे बोट दाखवतात तो सहसा गुन्हेगार नसतो, हे त्याला दहा-वीस पुस्तकांत कळून चुकते. सांगणाऱ्याचा स्वार्थ काय, पाहिले कोणी आणि नुसते ऐकले कोणी, हे विचारायची त्याला खोडच लागते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. जमावाने रहस्यकथा वाचल्या असत्या तर ते वाचले असते, असा भाबडा दावा मी करणार नाही. मी बोलतो आहे ते त्या काळात असले निरोप मोबाइलवर पुढे पुढे ढकलणाऱ्या पदवीधरांविषयी. ‘हे कशावरून?’ एवढे दोन शब्द त्यांना का सुचले नाहीत? आणि भटक्यांचे जिणे कोणत्याही पुस्तकातून ज्यांच्या घरात कधी आलेच नाही, त्यांना दारात आलेला भिक्षेकरी चोर वाटला तर त्यात नवल काय?

भयकथांना आपण थिल्लर म्हणून मोडीत काढतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचलेल्याला मात्र कळते की मतकरींच्या गोष्टीत पुष्कळदा भुतापेक्षा शेजारचा सज्जनच अधिक भयंकर असतो. विज्ञानकथेचीही तीच गत. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये पुरातन संस्कृतीच्या ठेव्यातून मिळालेल्या ज्ञानावर यंत्रमानव घडवला जातो आणि तो माणसाला भारी पडण्याची वेळ येते. चार दशके ते पुस्तक मराठीत पडून आहे, आणि यंत्रबुद्धीच्या बातम्यांनी आज हबकलेली मंडळी ‘हे कोणाच्या ध्यानीमनी तरी होते का’ म्हणून विचारत आहेत.

या दुखण्यात सरकारचाही वाटा आहे. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, पण तमिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांसारखी ग्रंथालय उपकराची तरतूद त्यात ठेवली नाही. अ, ब, क, ड अशा वर्गांत वाटलेली आपली ग्रंथालये अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतात. गावोगाव वाचनालयाच्या दालनात अभ्यासिका थाटल्या गेल्या आणि कादंबऱ्यांची कपाटे भिंतीला तोंड करून उभी राहिली. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना बोल लावायचा नाही. त्यांच्यामागे गहाण पडलेली शेते आहेत. त्यांतलेच काही उद्या तहसीलदार, फौजदार होतील आणि फकिराच्या मुलखात बदलून जातील. ‘फकिरा’ कोणाची, हे त्यांना चार पर्यायांतून अचूक सांगता येते. ती उघडून पाहायला सवड कोणी ठेवली आहे?

तुमच्या गावच्या वाचनालयाची वार्षिक सभा होते. तिला कार्यकारिणी आणि चहावाला सोडून फारसे कोणी फिरकत नाही. तिथे जा आणि विचारा: गेल्या वर्षी कादंबऱ्यांवर किती खर्च झाला आणि सत्काराच्या शालींवर किती? रहस्यकथांचे जुने गठ्ठे कोणाच्या सहीने रद्दीत गेले? चिटणीस चिडतील, चिडू देत. मात्र निघण्यापूर्वी स्वतःची वर्गणी भरली आहे का तेवढे बघून घ्या. थकबाकीदार सभासदाला सभेत बोलता येत नाही.