आज्ञावलीला गळा नसतो

संगीताच्या ध्वनिमुद्रणात संगणकाने पाऊल टाकले त्याला आता तीन तपे होत आली. स्टाइनबर्गचे 'क्यूबेस' १९८९ साली आले, डिजिडिझाइनचे 'प्रो टूल्स' १९९१ साली. त्यांच्यामागून 'लॉजिक', 'एफएल स्टुडिओ', 'एबलटन लाइव्ह', 'रीपर' अशी आज्ञावलींची रांगच लागली. साधने वाढली, पुष्कळशी स्वस्तही झाली. ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्यांच्याबरोबर एक समजूतही रुजली. अमुक आज्ञावलीत आवाज भरदार येतो, तमुकीत तो पातळ होतो, असे जाणते म्हणवणारे लोक छातीठोकपणे सांगतात, आणि गायनवृंदांतील हौशी तरुण पदरमोड करून महागडे परवाने विकत घेतात. या समजुतीला आमचा विरोध आहे. तो आम्ही येथे कारणांसह नोंदवीत आहोत.

ध्वनी संगणकात शिरला की त्याचे आकडे होतात. सीडीसाठी दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. गायक, हार्मोनियम आणि तबला यांचे ट्रॅक एकत्र करणे म्हणजे त्या त्या क्षणाचे तीन आकडे मिळवणे. पाच आणि सात यांची बेरीज बाराच होते. मग चोपडी वाण्याची असो की बँकेची. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी स्वतः परीक्षा घ्यावी. तेच ट्रॅक, त्याच पातळीवर, कोणताही परिणाम न जोडता दोन आज्ञावलींत मिसळावेत. मग एका मिश्रणातील अधिकाचे उणे व उण्याचे अधिक करून ते दुसऱ्यात मिळवावे. मांडणी तंतोतंत सारखी असेल तर हाती शांतता येते. उरलेच काही, तर ते कानाच्या आवाक्यापलीकडचे असते.

"पण आम्हाला फरक ऐकू येतो," असे कोणी म्हणेल. येत असेलही, मात्र त्याचे कारण इतरत्र शोधावे लागेल. मध्यभागी ठेवलेला ध्वनी किती डेसिबलने उतरवावा, याचे नियम निरनिराळे आहेत: कोठे ३, कोठे ४.५, कोठे ६, तर कोठे मुळीच नाही. आवाज किंचित चढा असला की तोच बरा वाटतो, ही तर मनुष्याच्या कानाची जुनी खोड. गाण्याची लय मागाहून ताणण्याच्या पद्धतीतही खरोखरच फरक असतो, आणि आज्ञावलीसोबत येणारी निनादाची व दाबाची उपकरणे वेगवेगळी असतात. एकेकाळी गणितही भिन्न होते. प्रो टूल्सच्या व्यावसायिक यंत्रणेत मिश्रणाचे काम स्वतंत्र कार्डांवर निराळ्या पद्धतीने चाले. २०११ साली आलेल्या एचडीएक्स यंत्रणेने ती पद्धत सोडली आणि लहानमोठ्या आकड्यांना सारखीच अचूकता देणारे गणित स्वीकारले. वाद तेव्हाच मिटायला हवा होता. परंतु विक्रेत्यांना तो जिवंत ठेवणे सोयीचे ठरते.

मग आज्ञावलींत भेद नाहीच काय? आहे, आणि मोठा आहे. पण तो कामाच्या रीतीत आहे. प्रो टूल्सची घडण टेपयंत्र आणि मिश्रणाचे मेज समोर ठेवून झाली. जिवंत वादकांचे दीर्घ मुद्रण करून ते कापणे-जोडणे तेथे सुकर होते. २००१ साली आलेले एबलटन लाइव्ह रंगमंचावर सुरांचे तुकडे हवे तेव्हा सुरू करण्यासाठी जन्मले. एफएल स्टुडिओत चौकटी भरत ठेका बांधता येतो. चार आवाजांची रचना करणाऱ्याला क्यूबेस किंवा लॉजिक यांतील स्वरलेखन उपयोगी पडेल. रीपरचा वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरांना मिळतो आणि मिश्रणाच्या गणितात ते कोणाहून उणे नाही.

कामाची रीत हळूहळू संगीतही घडवते, हे मात्र विसरू नये. यांतील बहुतेक आज्ञावली उघडताच पडद्यावर चार मात्रांची चौकट आणि मिनिटाला १२० ठोक्यांची लय मांडून ठेवतात. ती बदलता येते. तरीही नवखा मनुष्य ती जणू कायदाच समजतो. जात्यावरची ओवी आणि हळदीचे गाणे श्वासाबरोबर सैल व घट्ट होते. ते ठोक्याच्या रेघेवर ओढून बसवले की सूर शुद्ध राहूनही गाणे मरते. अशा गाण्यासाठी चौकट बंद करावी, गाणाऱ्याला गाऊ द्यावे आणि यंत्राने मुकाट्याने ऐकावे.

दुसरा धोका मालकीचा. एका आज्ञावलीतील काम दुसरीत सहसा उघडत नाही. २००२ साली ॲपलने इमॅजिक ही कंपनी घेतली आणि विंडोजवरील लॉजिक बंद झाले. ते वापरणाऱ्यांना नवा संगणक किंवा नवी आज्ञावली शोधावी लागली. २०१७ च्या नोव्हेंबरात गिब्सनने केकवॉकचे काम थांबवले. पुढे २०१८ साली बँडलॅबने ते उचलले म्हणून निभावले. एखाद्या कंपनीच्या निर्णयावर गावाच्या गाण्यांचा ठेवा टांगून ठेवणे आम्हाला मान्य नाही. प्रत्येक ट्रॅक आरंभापासून एकाच लांबीच्या साध्या वेव्ह फाइलमध्ये काढावा, लय व स्वरपट्टी कागदावर लिहावी आणि दोन ठिकाणी जपून ठेवावी. २०२३ साली पुढे आलेले 'डॉप्रोजेक्ट' हे खुले स्वरूप या दिशेचे स्वागतार्ह पाऊल आहे. परंतु साधी फाइल हाच आज अधिक भरवशाचा आधार होय.

तेव्हा तरुण संगीतकारांना आमचे सांगणे एवढेच, की हाताला रुळेल ती आज्ञावली घ्या आणि ती पुरती शिका. उरलेला पैसा बऱ्या मायक्रोफोनवर, खोलीतील घुमारा शोषणाऱ्या जाड पडद्यांवर आणि मुख्यतः वादकांच्या मानधनावर खर्च करा. भिंतींवर आदळून परतणारा आवाज एकदा मुद्रित झाला की तो पुरता वेगळा काढणे कोणत्याही आज्ञावलीला साधत नाही, आणि बेसूर गायकाला रियाझ करायला लावणेही तिच्या हाती नाही. महागडी आज्ञावली विकणाऱ्यांनी हे सांगितले नाही, यात नवल नाही. संगीत शिकवणाऱ्यांनी तरी ते सांगावे, अशी आमची मागणी आहे.