कोड तोच, रंग वेगळा

आपल्या मंडळातली तरुण मंडळी जमली की गाडीचा विषय हमखास निघतो. मायलेज, एअरबॅग, सनरूफ यांवर सगळे तावातावाने बोलतात. पण ओरखडा गेलेलं दार रंगवून आणलं आणि ते शेजारच्या दारापेक्षा वेगळं दिसायला लागलं, की बोलणं संपतं. "वर्कशॉपने कोडप्रमाणेच रंग मारलाय, आता काय करणार?" एवढंच ऐकू येतं. म्हणून या वेळी या कोडबद्दल.

प्रत्येक गाडीच्या रंगाला कंपनी एक कोड देते. तो बोनेटखालच्या पट्टीवर किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरवर सापडतो. होंडाच्या कोडमध्ये सुरुवातीला एनएच दिसलं तर ते 'न्यूट्रल ह्यू', म्हणजे पांढरा-काळा-राखाडी घराण्यातला रंग. मारुती सुझुकीचा झेड-टू-एस म्हणजे सिल्की सिल्व्हर. रंगाच्या दुकानात हा कोड सांगितला की संगणक पाककृती काढून देतो: कोणता मूळ रंग किती ग्रॅम. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तो रंग तयार होतो. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. इनपुट तेच, तर आउटपुटही तेच यायला हवं.

ते तसं येत नाही. एकाच कोडखाली पाककृती बऱ्याचदा एकापेक्षा जास्त असतात. कारखान्यातल्या वेगवेगळ्या लॉटमध्ये रंग थोडा थोडा सरकतो. कधी पिवळसर, कधी निळसर, कधी चकाकीचा कण जाड. रंग बनवणाऱ्या कंपन्या हे सगळे पोटप्रकार नोंदवून ठेवतात आणि त्यांच्या छोट्या पट्ट्यांचा गठ्ठा दुकानदाराला देतात. तो गठ्ठा बाहेर काढून गाडीशी लावून बघायचा की काउंटरवरून पहिलीच पाककृती द्यायची, हा दुकानदाराच्या चिकाटीचा प्रश्न.

त्यात सिल्व्हर असेल तर बघायलाच नको. या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पातळ कण असतात, आणि ते कसे पडले आहेत यावर रंग ठरतो. गनमधली हवा जास्त असेल, गन लांब धरली असेल, थिनर लवकर उडून गेलं असेल, तर थर कोरडा बसतो आणि पत्रा समोरून उजळ दिसतो. थर ओला बसला तर कण खोल जातात, आडवेतिडवे होतात आणि तोच रंग गडद वाटतो. म्हणजे एकाच डब्यातला रंग बडोद्याच्या मे महिन्यात आणि जानेवारीत सारखा उतरेलच असं नाही. चांगला पेंटर उन्हाळ्यात सावकाश उडणारं थिनर वापरतो ते यासाठीच. शिवाय कारखान्यात रंग यंत्र मारतं आणि तो सुमारे १४० अंशांवर भाजला जातो. वर्कशॉपमध्ये माणूस हाताने मारतो आणि बूथ तापतो साधारण ६० अंशांपर्यंत. त्याहून जास्त तापवलं तर गाडीतलं प्लॅस्टिक, वायरिंग, रबर टिकणार नाही.

(नव्या कोऱ्या गाडीचाही बंपर आणि फेंडर दुपारच्या उन्हात नीट बघा. बंपर प्लॅस्टिकचा, बऱ्याचदा वेगळ्या ठिकाणी रंगवलेला. तिथेही सूक्ष्म फरक दिसतो. शोरूममध्ये हे कोणी दाखवत नाही.)

आता आमच्या घरची गोष्ट. बाबांची २०१३ ची सिल्व्हर हॅचबॅक. सोसायटीच्या फाटकाचा खांब मागच्या डाव्या दाराला घासला, डेंट आणि ओरखडा. एका वर्कशॉपने दार रंगवून दिलं. समोरून दार उजळ दिसायचं आणि तिरकं बघितलं की एकदम काळपट. बाबांनी विचारलं तर उत्तर तेच: कोड तोच आहे, कॉम्प्युटरने काढलाय. गेल्या हिवाळ्यात गाडी विकायला काढली तेव्हा जुन्या गाड्या घेणाऱ्या माणसाने लांबूनच त्या दाराकडे बोट दाखवलं. "काका, मोठा ॲक्सिडेंट दिसतोय." बाबा म्हणाले, खांब घासला होता, एवढंच. तो नुसता हसला आणि किंमत चाळीस हजारांनी खाली आणली. पैशांपेक्षा ते हसणं बाबांना लागलं. चाळीस वर्षं हिशेबाचं काम केलेला माणूस, आणि समोरच्याला वाटतंय की हा काहीतरी लपवतोय. त्या रात्री ते दोनदा खाली जाऊन टॉर्चने दार बघून आले.

मग मी मकरपुऱ्याकडच्या एका पेंटरकाकांकडे गाडी नेली. साठीचे असतील. कोड त्यांनी विचारला, लिहूनही घेतला, आणि म्हणाले, "कलर तो आँखथी मेळववो पडे, भाई." गुजराती येत नसलं तरी कळेल: रंग डोळ्यांनीच जुळवावा लागतो.

पुढचं काम मी उभा राहून बघितलं. आधी पुढचं दार त्यांनी कंपाउंडने पॉलिश केलं. बारा वर्षांचा धूळ-ऊन खाल्लेला थर तसाच ठेवून त्याच्याशी रंग जुळवला, तर तो रंग मळाशी जुळतो. मग तीन छोट्या पत्र्यांवर तीन पोटप्रकार मारले, त्यावर लॅकर मारलं आणि वाळू दिलं. लॅकरशिवाय बघायचं नाही, कारण ते चढलं की रंग खोल दिसतो. वाळल्यावर तिन्ही पत्रे दाराला टेकवून आधी सावलीत, मग थेट उन्हात, आणि प्रत्येक वेळी समोरून आणि तिरके बघितले. ट्यूबलाइटखाली मुळीच नाही. दोन रंग एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात, हे कपड्यांच्या दुकानात आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. दुसरा पत्रा जवळचा ठरला. त्यातही त्यांनी काळ्याचे काही थेंब घातले आणि पुन्हा एक पत्रा मारला.

खरी युक्ती मात्र त्यानंतरची. काकांनी रंग दाराच्या कडेला थांबवला नाही. पुढच्या दारावर आणि मागच्या पॅनेलवर तो विरळ करत नेला आणि लॅकर त्या दोन्ही पॅनेलवर पूर्ण मारलं. याला ब्लेंडिंग म्हणतात. आपल्या डोळ्याला रंगाचा हळूहळू होणारा बदल फारसा कळत नाही, कड लगेच कळते. दोन सिल्व्हर गाड्या दहा फुटांवर उभ्या असतील तर त्यांच्यातला फरक जाणवत नाही; तेवढाच फरक दोन दारांच्या फटीच्या अलीकडे-पलीकडे असेल तर नजर तिथेच अडकते. पहिल्या वर्कशॉपचा रंग फार चुकलेला नसेलही. त्यांनी तो कडेवर आणून सोडला होता.

मोठ्या वर्कशॉपमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचं हातात मावणारं यंत्र असतं. ते पत्र्यावर वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश मोजतं आणि प्रत्येक कोनाला फरकाचा आकडा देतं, त्याला डेल्टा ई म्हणतात. हा आकडा साधारण एकच्या खाली असला तर बहुतेकांच्या डोळ्याला फरक कळत नाही. यंत्र छान आहे, मला त्याचं गणितही आवडतं. पण ते जवळची पाककृती सुचवतं. गन कशी चालेल ते त्याच्या हातात नाही. यंत्र असलं तरी नमुन्याचा पत्रा मारायलाच हवा. त्यामुळे गाडी टाकताना दोनच प्रश्न विचारा: नमुना मारून दाखवाल का, आणि शेजारच्या पॅनेलवर ब्लेंड कराल का? "गरज नाही" असं उत्तर आलं आणि रंग मेटॅलिक किंवा पर्ल असेल, तर दुसरं वर्कशॉप बघा. पांढरा सोपा असतो असं समजू नका. पांढऱ्याचे डझनावारी प्रकार आहेत, आणि पर्ल पांढऱ्यात मधल्या थराचे हात किती मारले यावरही छटा बदलते.

खर्च अर्थातच वाढतो. एका दाराऐवजी तीन पॅनेलचं काम होतं. विम्यातून करणार असाल तर सर्व्हेअर येईल तेव्हाच ब्लेंडिंगचा विषय काढा, बिल झाल्यावर नाही. साध्या पॉलिसीत रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापतात, आणि बिलात साहित्य वेगळं दाखवलेलं नसेल तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम साहित्य म्हणून धरतात. झिरो डेप घेतलेलं असेल तर ही कपात टळते. पण एका दारासाठी क्लेम केला तर पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो. तो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असेल तर आधी कागदावर आकडेमोड करा.

आणखी एक. रंग कितीही जुळला तरी जाडी लपत नाही. कारखान्याचा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, पुन्हा रंगवलेल्या जागी तो २०० च्या वर जातो, पुट्टी भरली असेल तर त्याच्याही कितीतरी वर. गाडी घेणाऱ्यांकडे हे मोजायचं छोटं मीटर असतं. म्हणून घासल्याच्या दिवशीच फोटो काढा, रंगकामाचं बिल जपा आणि पेंटरकडून अंतिम पाककृतीची चिठ्ठी, घातलेल्या थेंबांसकट, मागून घ्या. आमच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आता हे तिन्ही एका पाकिटात आहे. पाकिटावर तारीख बाबांनी स्वतःच्या हाताने घातली आहे.