कचऱ्याची वीज कुणाला, धूर कुणाला?

१ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मोशीच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. पिंपरी-चिंचवडचा रोजचा ७०० टन कचरा जाळून १४ मेगावॅट वीज काढायची, असा हा प्रकल्प. ते पाहून आमच्या घनसावंगीतही कुणी म्हणेल, आपल्याकडे असे का नको? घनसावंगी आता नगरपंचायत आहे. कचऱ्याची विल्हेवाट हे तिचे कायद्याने ठरलेले काम आहे, तेव्हा प्रश्न गैर नाही.

पण आधी हिशेब करू. घनसावंगीएवढ्या गावाचा कचरा रोज काही टनांपलीकडे जात नाही. तेवढ्यावर वीज करणारी भट्टी चालत नाही. मग सगळ्या तालुक्यांचा कचरा एका ठिकाणी न्यावा लागेल. ते ठिकाण कुणाच्या वस्तीशेजारी असेल, हे आम्ही सांगायला हवे काय?

उसाच्या चिपाडावर वीज होते, मग कचऱ्यावर का नाही, असेही विचारले जाते. साखर कारखान्याचा बॉयलर आमच्या लोकांनी जवळून पाहिला आहे. चिपाड ओले असले तरी एकजिनसी असते. घरच्या कचऱ्यात भाजीची देठे, खरकटे, माती, विटांचे तुकडे, बॅटरीचे सेल आणि पीव्हीसीचे तुकडे एकत्र असतात. पीव्हीसीत क्लोरीन असते. ते कमी तापमानाला जळले की डायॉक्सिन तयार होते आणि हे विष चरबीत साठून दुधावाटे लेकरापर्यंत जाते. म्हणून २०१६ च्या घनकचरा नियमांनी दुसऱ्या कक्षात किमान ९५० अंश तापमान आणि वायू तिथे किमान दोन सेकंद राहील अशी रचना सांगितली. चिमणीतून निघणाऱ्या डायॉक्सिन-फ्युरानला घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. त्यासाठी चुन्याचा फवारा, कोळशाची भुकटी, कापडी गाळण्या लागतात. या गाळण्यांत अडकलेली राख विषारीच असते, तीही कुठेतरी पुरावी लागते. धूळ चिमणीवर सतत मोजता येते, डायॉक्सिनसाठी नमुना घेऊन प्रयोगशाळा गाठावी लागते. म्हणजे मधले सगळे दिवस विश्वासावर काढायचे!

डेन्मार्कचे उदाहरण हमखास दिले जाते. कोपनहेगनमध्ये भट्टीच्या छपरावर लोक घसरगुंडी खेळतात, हे खरे आहे. पण त्याच डेन्मार्कच्या तंत्रावर १९८७ साली दिल्लीत तिमारपूरला ३०० टनांची भट्टी उभी राहिली आणि २१ दिवस चालून बंद पडली. आपला कचरा ओला आणि मातीचा, त्यात पुरेशी उष्णताच नव्हती. पुढे दिल्लीतच ओखल्याची भट्टी चालली, तर प्रदूषणापायी २०१७ साली हरित लवादाने तिला २५ लाखांचा दंड केला.

आता खरा मुद्दा. भट्टीला काय हवे असते? पुठ्ठा, कागद, प्लॅस्टिक. भंगाराच्या दुकानात काय विकले जाते? तेच! पुनर्वापर होणार नाही तेवढेच जाळा, असे नियम म्हणतो. पण ते काढून घेतले तर भट्टी उपाशी राहते, आणि कंत्राटदार तोट्यात चालवायला बसलेला नसतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बाया बहुतांश आपल्या समाजाच्या. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून गेलेली अनेक कुटुंबे त्यांच्यात आहेत. १९९३ साली त्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत एकत्र आल्या, २००८ साली ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली. दारोदार जाऊन कचरा घेण्याचा आणि विकता येईल ते विकण्याचा हक्क त्यांनी झगडून मिळवला. शंभर टन पुठ्ठा भट्टीत गेला, तर त्यांच्या चुलीत काय जाणार?

आणि धूर? १९२७ साली महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, त्याच साली मुंबईचा कचरा देवनारला टाकायला सुरुवात झाली. आजूबाजूला गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी: दलित, मुस्लिम, विस्थापित. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली, धूर उपग्रहातून दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०२० साली तिथेच ६०० टनांच्या वीज प्रकल्पाचे कंत्राट दिले गेले. २०२४ साली त्याच डम्पिंगची १२४ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनाला देण्याचा निर्णय झाला. मलबार हिलवर भट्टी बांधा, असे कुणी म्हणत नाही. तंत्र इतके निर्धोक असेल तर का म्हणू नये?

घनसावंगीला भट्टी येवो न येवो, कचरा जाळणे आपल्या तालुक्याच्या गावांना नवे नाही. रस्त्याकडेला, ओढ्याच्या काठी, गावकुसाबाहेर काडी लावली की झाले. त्या आगीला ना ९५० अंश, ना गाळणी. हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली, पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई ठरवली. काडी लावतो तो बहुधा कंत्राटी सफाई कामगार. नाकाला रुमाल बांधून तो उभा असतो, कारण ढीग संपवायचा हुकूम वरून आलेला असतो. दंड त्याच्याकडून घ्यायचा की हुकूम देणाऱ्याकडून?

गावच्या कचऱ्यात मोठा भाग ओल्याचा, तो शेतात खत होऊन जाऊ शकतो. शेतकऱ्यांच्या तालुक्यात खताला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. सुके वेचणाऱ्यांच्या हाती द्यावे. नगरपंचायतीच्या सभेत आपल्या नगरसेवकांनी एवढे तरी विचारावे: ओला-सुका वेगळा उचलणारी गाडी कोणत्या वस्तीत येते आणि कोणत्या वस्तीत येत नाही? सफाई कामगाराला किमान वेतन, हातमोजे आणि भविष्यनिर्वाह निधी मिळतो का? आणि ढीग साठवण्यासाठी जागा निवडली, ती कुणाच्या घरापासून किती पावलांवर?