चेंबर फुटला? आधी धुवा, मग सांधा



गेल्या आठवड्यात आपण मोटारसायकलच्या चेनची निगा पाहिली. ती न राखल्यास काय होते, ते आज पाहू.

आमच्या शेजारच्या वस्तीवर एक दूधवाले कुटुंब आहे. मालक रोज पहाटे दोन कॅन मोटारसायकलला अडकवून डेअरी गाठतात. एके दिवशी ओढ्याच्या चढावर गाडीची चेन तुटली. तुटलेली चेन पुढच्या लहान चक्रात गोळा झाली आणि तिने इंजिनाच्या भिंतीवर असा तडाखा दिला, की तिथे बोटभर चीर गेली. खाली ऑइलची धार लागली. आपले मिस्त्री ज्याला ‘चेंबर फुटला’ म्हणतात, तेच झाले.

दूध थांबत नाही, म्हणून मालकांनी घाई केली. त्याच दुपारी रस्त्याकडेच्या दुकानात, इंजिन न खोलता, वरवर फडके मारून वेल्डिंग करून आणले. दिसायला काम झकास होते. आठव्या दिवशी सांध्याशेजारीच नवी चीर गेली. ऑइल कधी झिरपून गेले ते कळले नाही आणि इंजिन वाटेतच जॅम झाले. चीर बोटभरच होती, पण आता पिस्टन आणि सिलिंडरचाही खर्च अंगावर आला. चार दिवस मुलाने सायकलवरून दूध पोचवले.

चूक वेल्डिंगची होती काय? थोडी होती. पण मोठी चूक वेल्डिंगच्या आधीच्या कामाची होती. ते काम आपल्याला घरी करता येते, म्हणून हा लेख.

हा धातू वेगळा आहे

पाणी ओढणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनाची बॉडी बहुधा बिडाची असते. मोटारसायकल, पॉवर वीडर, फवारणीचे इंजिन यांची बॉडी बहुधा ओतीव ॲल्युमिनियमची असते. ओळखायला सोपे आहे. बिडाला लोहचुंबक चिकटतो, ॲल्युमिनियमला चिकटत नाही. वजनातही ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश भरते.

भगिनींनो, चुलीवर विसरलेले ॲल्युमिनियमचे पातेले आठवा. लोहाराच्या भट्टीत विळा तापला की लाल होऊन इशारा देतो. पातेले मात्र लाल होत नाही. बघता बघता त्याचा बूडच खाली बसतो. इंजिनाच्या बॉडीचेही तसेच आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, आणि सिलिकॉन मिसळून ओतलेले त्याहूनही लवकर मऊ पडते. पण त्याच्या अंगावर ऑक्साइडची जी पातळ साय असते, ती २००० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. आतला धातू पाणी झालेला आणि वरची साय तशीच, अशी स्थिती होते. ही साय फोडल्याशिवाय सांधा एकजीव होत नाही.

दुसरी अडचण तेलाची. ओतीव धातूत बारीक छिद्रे असतात. वर्षानुवर्षे ऑइल त्यांत आणि चिरेत मुरलेले असते. ज्योत लागली की त्या तेलाचा धूर होतो, सांध्यात बुडबुडे अडकतात आणि सांधा आतून भाकरीसारखा पोकळ राहतो. वरून मात्र तो चांगला दिसतो. शेजाऱ्यांचे नेमके हेच झाले होते.

मोठ्यामोठ्यांनाही या धातूने दमवले आहे. राइट बंधूंच्या विमानाच्या इंजिनाची बॉडी ओतीव ॲल्युमिनियमचीच होती. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणी घेताना बेअरिंग जॅम झाले आणि ती बॉडी फुटली. त्यांना नवी बॉडी ओतवून घ्यावी लागली. त्या नव्या बॉडीच्या इंजिनावर १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान उडाले. आज आपल्याला सांधायची सोय आहे, ती नीट वापरावी.

सांधावे की नाही?

बाहेरच्या भिंतीला, झाकणाला, ऑइलच्या तळाला किंवा बॉडी फ्रेमला बांधायच्या कानाला चीर असेल, तर चांगला कारागीर ती सांधू शकतो. चीर बेअरिंगच्या बैठकीतून किंवा सिलिंडरच्या स्टडच्या मुळातून गेली असेल, तर जपून. तापल्यावर बैठक वाकडी होते, बेअरिंग सैल बसते आणि पुढे क्रँक खराब होतो. असे काम मोजमाप करणाऱ्या जाणत्या टर्नरला दाखवल्याशिवाय करू नये.

बॉडी बदलायची झाल्यास दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बॉडीची दोन अर्धुके जोडीने छिलून तयार केलेली असतात. एकाचे डावे आणि दुसऱ्याचे उजवे जुळेलच असे नाही. शिवाय मोटारसायकलचा इंजिन नंबर बॉडीवरच कोरलेला असतो आणि तोच आर.सी. बुकात असतो. म्हणून बॉडी बदलण्याआधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घ्यावे. सांधतानाही नंबरावर कानस किंवा वेल्डिंग येऊ देऊ नये.

दोन कांड्या मळून लावायचा एपॉक्सीचा लेप हा झाकणातून येणाऱ्या पाझरापुरता, तात्पुरता उपाय आहे. भार सोसणाऱ्या जागी त्यावर भिस्त ठेवू नये.

घरी करावयाची तयारी

१) इंजिन पूर्ण खोलून घ्यावे. बेअरिंग, ऑइल सील, पॅकिंग, रबर, सारे काढावे. बेअरिंग ठोकून काढू नये. बॉडी सारखी तापवली की ते सहज सुटते. हे मिस्त्रीकडून करवून घ्यावे.

२) बॉडी आधी डिझेलने, मग धुण्याच्या पावडरीच्या कडकडीत गरम पाण्याने दोन-तीनदा घासावी. कॉस्टिक सोडा मुळीच वापरू नये. तो ॲल्युमिनियम खातो. उन्हात खडखडीत वाळवावी. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये, आणि हे काम चुलीजवळ करू नये.

३) चिरेची टोके शोधावीत. डोळ्याला दिसते तिथे चीर संपत नाही. चिरेवर थोडे डिझेल लावून अर्धा तास ठेवावे, वरून कोरडे पुसावे आणि पांढऱ्या खडूची भुकटी चोळावी. चिरेत राहिलेले डिझेल वर येते आणि खडूवर ओली रेघ उमटते. रेघेच्या दोन्ही टोकांना टोच्याने खूण करावी. नंतर बॉडी पुन्हा धुऊन वाळवावी. शेजाऱ्यांनी ही परीक्षा दुसऱ्या खेपेस केली, तेव्हा बोटभर वाटणारी चीर दीड बोट निघाली.

एक सावधगिरी. काही झाडकापणी यंत्रांची बॉडी मॅग्नेशियमची असते. तीही हलकी आणि पांढरी दिसते. जागा घासून उजळ करावी आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. लगेच फसफसले तर मॅग्नेशियम समजावे. त्याचा कीस पेट घेतो आणि पाण्याने आग उलट भडकते. असे काम नेहमीच्या दुकानात देऊ नये.

कारखान्यात काय पाहावे

‘आर्गन वेल्डिंग’ करणाऱ्याकडेच जावे आणि मशीन ए.सी.वर चालते काय, हे आवर्जून विचारावे. लहान दुकानांतली अनेक आर्गन मशिने फक्त डी.सी.ची असतात. ती लोखंडाला आणि स्टीलला चांगली; ॲल्युमिनियमवरची साय फोडण्याचे काम ए.सी. करते.

कारागिराने चिरेच्या दोन्ही टोकांशी सुमारे ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे चीर पुढे धावत नाही. मग चीर व्ही आकारात कोरून चांगला धातू लागेपर्यंत उघडावी. आधीचे खराब वेल्डिंग असेल, तर ते सगळे काढावे. त्यावर थर चढवू नये. जागा ॲल्युमिनियमसाठीच राखलेल्या स्टेनलेस स्टीलच्या तारब्रशने घासावी. लोखंडावर वापरलेला ब्रश नको.

बॉडी वाकडी होऊ नये म्हणून तिचे दुसरे अर्धुक किंवा जाड पट्टी तिला बोल्टने आवळावी. नंतर सगळी बॉडी सारखी, सुमारे १०० ते १५० अंशांपर्यंत तापवावी. पाण्याचा थेंब टाकताच चर्रकन उडाला, की शंभराच्या वर गेली असे समजावे. या तापाने मुरलेले ऑइल घामासारखे बाहेर येते. ते पुसून पुन्हा तापवावे, घाम यायचा थांबेपर्यंत. हे करायचा कंटाळा करणारा कारागीर आपल्या कामाचा नाही.

भरणीची काडी सुमारे ५ टक्के सिलिकॉनची, ४०४३ नंबरची मागावी. विजेच्या तारेचा तुकडा चालवून घेऊ नये. सांधा एका दमात न ओढता थोडा थोडा घालावा. काळे ठिपके उठू लागले तर थांबून, कोरून, पुन्हा घासून घ्यावे.

सोबत मुले नेऊ नयेत. आर्गनचा प्रकाश उघड्या डोळ्यांनी पाहिला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. काम चालू असता आपणही पाठ फिरवून उभे राहावे.

सांधल्यावर

बॉडीवर पाणी ओतू नये. ती कोरड्या वाळूत किंवा राखेत ठेवून सावकाश निवू द्यावी. निवल्यावर सांध्याच्या आतून डिझेल लावावे, बाहेरून खडू फासावा आणि रात्रभर ठेवावे. सकाळी खडू कोरडा असेल तर सांधा पक्का. ओली रेघ दिसली तर जोडणी करू नये. मग टर्नरकडे सपाटी तपासावी, बोल्टचे आटे पाहावेत आणि बेअरिंग घट्ट बसते याची खात्री करावी. नवे पॅकिंग, नवे सील घालावे. पहिले काही दिवस रोज सकाळी ऑइलची पट्टी पाहावी.

शेजाऱ्यांनी दुसऱ्या खेपेस हे सारे केले. कारागिराने सांधायला तासभरच घेतला. धुणे, वाळवणे, शोधणे यात दोन दिवस गेले. तो सांधा आज दुसरा पावसाळा पाहतो आहे.

शेवटी, चीर का गेली ते शोधल्याशिवाय गाडी सुरू करू नये. चेन झिजली असेल तर चेन आणि दोन्ही चक्रे बदलावीत. इंजिनाचे बोल्ट ढिले असतील तर आवळावेत. ऑइल काढायचा बोल्ट लांब पान्याने जोर लावून पिळू नये; तळाच्या अनेक चिरा तिथूनच सुरू होतात. कारण तसेच राहिले, तर सोन्याचा सांधाही टिकायचा नाही.

पहाटे कॅन भरून तयार असतात आणि डेअरीची वेळ ठरलेली असते, तेव्हा दोन दिवस थांबणे जड जाते, हे आम्ही जाणतो. पण घाईत वाचवलेले दोन दिवस शेजाऱ्यांना पिस्टनच्या किमतीला पडले. आपल्याला ते तसे पडू नयेत.

पुढील अंकात: बोल्टचे गेलेले आटे पुन्हा कसे पाडावेत.