तुप्प आणि तूप

उन्हाळ्याच्या सुटीत मराठी शिकवण्याच्या नव्या वाटा शोधायच्या, तर पुस्तकाआधी बाजार गाठावा. बंगळुरातल्या बोम्मसंद्र्याच्या किराणा दुकानात कानडीत ‘तुप्प’ मागितलं की तूप मिळतं. शेजारची पोरं थोरल्या भावाला अण्णा म्हणतात, थोरल्या बहिणीला अक्का. आपल्याच घरातले शब्द हे! २०२५च्या ऑगस्टपासून इथून आर. व्ही. रोडपर्यंत पिवळी मेट्रो धावते, १६ स्थानकं. मुलांना वही द्या, दर स्थानकावर एक कानडी शब्द टिपू द्या, त्याचं मराठी नातं घरी आजीला विचारू द्या. मला ही वही कुठल्याही स्वाध्यायपुस्तिकेहून मोलाची वाटते. दोन्ही भाषांची ही जवळीक जुनीच: शहाजीराजांच्या पदरी याच बंगळुरात जयराम पिंड्ये अनेक भाषांत काव्य रचत होता, द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत कानडीचे थोर कवी झाले.