पत्त्यावरचे सहा आंकडे

गेल्या वैशाखांत आमच्या नातवाची मुंज झाली. दूरध्वनीवरील बोलावण्यास आमच्या अक्का निमंत्रण मानीत नाहींत. म्हणून पुण्याच्या सदाशिव पेठेंत त्यांस आम्हीं स्वहस्तें पत्र लिहिलें. तें कार्य आटोपल्यावर दहा दिवसांनीं पोंचलें. पाकिटावर छत्तीसगढांतील दुर्गचा शिक्का होता. आम्हीं देवनागरींत ४११०३० लिहिलें होतें. पण घाईंत पहिला १ असा वळला कीं तो ९ वाचला गेला, आणि ४९१ म्हणजे दुर्गकडची वाट! दोष सर्वस्वीं आमच्या हाताचा. पस्तीस वर्षें मुलांचे १ आणि ९ दुरुस्त करणाऱ्या मास्तरास हें शोभलें नाहीं, असें अक्कांनीं कळविलें. त्यानंतर त्यांचें पत्र नाहीं.

या फजितीनें पिनकडे आमचें लक्ष वेधलें. ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यांतील अधिकारी आणि संस्कृतचे कवि. त्यांचें 'विलोमकाव्य' सुलट वाचलें तर रामाची आणि उलट वाचलें तर कृष्णाची स्तुति होते. अक्षरांचा क्रम फिरला कीं अर्थ फिरतो हें जाणणाऱ्यानेंच देशास हे आंकडे द्यावे, हा योग मोठा गोड आहे. एकाच नांवाचीं अनेक गांवें आणि पत्ते नाना लिप्यांत, ही अडचण त्यांस सोडवावयाची होती. पहिले तीन आंकडे टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा दाखवितात, शेवटचे तीन टपालकचेरी. आमचें जामनेर जळगांव जिल्ह्यांत. पण त्याचा पिन ४२४२०६, म्हणजे आरंभ धुळ्याचा. पिन महसुली सीमा पाहत नाहीं.

हे आंकडे आतां यंत्रेंही वाचतात. मुंबईस १९९३ सालीं टपालाची स्वयंचलित वर्गवारी सुरू झाली. अशा यंत्रांत पत्र धांवतां धांवतां कॅमेरा त्याचें चित्र घेतो. संगणक पत्त्याची जागा शोधतो, एकेक आंकडा सुटा करतो आणि पूर्वीं पाहिलेल्या नमुन्यांशीं ताडून ओळखतो. जें ओळखत नाहीं, त्याचें चित्र माणसापुढें ठेवतात. संगणकास ही ओळख बालकासारखी, पुष्कळ नमुने दाखवून होते. १९८९ सालीं अमेरिकेंत यान लकून व त्यांचे सहकारी यांनीं बफेलो शहराच्या टपालांतील नऊ हजारांहून अधिक हस्तलिखित आंकड्यांवर ही विद्या सिद्ध केली.

पण ज्या यंत्रास केवळ इंग्रजी आंकडे शिकविले, त्यास आपला ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो. अज्ञान त्याचें नव्हे. गुरूनें जें दाखविलें तेंच शिष्य शिकला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंतील संशोधकांनीं देवनागरींतील २२,००० हून अधिक हस्तलिखित आंकडे जमविले, ते याच उणीवेसाठीं.

आमचें मत असें: पत्ता खुशाल मराठींत लिहावा, पिन मात्र इंग्रजी आंकड्यांत, एका चौकटींत एकच, ठसठशीत. यांत स्वाभिमान जात नाहीं. ते आंकडेही मूळ आपल्याच देशांतले, अरबांच्या हातून युरोप फिरून आलेले. वाचणारा माणूस असो वा यंत्र, तो आपणांस दिसत नाहीं. त्याची सोय पाहणें हें सौजन्यच होय.

अक्का पंचाहत्तरीच्या झाल्या आहेत. आणखी किती कार्यें त्यांस आम्ही बोलावूं शकूं, हें कोणीं सांगावें? आज आम्हीं त्यांस क्षमापत्र लिहिलें. पिन घालतांना, पाटीवर गिरविणाऱ्या मुलासारखा, प्रत्येक आंकडा थांबून काढला.