तुळशीला ऊन किती पुरते?

लोधीपुऱ्यातील एका वाचक भगिनीने आम्हांस विचारले आहे की, शेजारच्या घरावर मजला चढल्यापासून अंगणातील तुळस काही केल्या धरत नाही. शेणखत घातले, माती बदलली, पाणी दुप्पट केले, तरी फांद्या लांबट आणि पाने फिकी. सासूबाईंना वृंदावनातली तुळस हलवणे पसंत नाही, सूनबाईंना ती डोळ्यांदेखत वाळलेली पाहवत नाही. बुऱ्हाणपूरच्या अरुंद गल्ल्यांतून हा प्रश्न एकाच घरचा नसावा, म्हणून त्याचा विचार जरा विस्ताराने करतो.

इंग्लंडमध्ये १७७१ साली प्रिस्टली यांना आढळले की, मेणबत्ती विझून बिघडलेली बंद भांड्यातली हवा पुदिन्याची डहाळी पुन्हा शुद्ध करते. हा पुदिना आपल्या तुळशीच्याच कुळातला. पुढे १७७९ मध्ये इंगेनहाउझ यांनी दाखवले की हे काम वनस्पतीचे हिरवे भाग करतात आणि तेही उजेडातच. पण किती उजेडाला किती काम, हा हिशेब शिल्लकच होता. तो घरातल्या मुलांनाही मांडता येतो.

साचलेल्या पाण्यात हायड्रिला नावाची वनस्पती वाढते. तिची ताजी डहाळी, कापलेले टोक वर करून, पाण्याच्या काचेच्या पेल्यात बुडवावी व पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. त्यातून तिला कर्बवायू मिळतो. खोलीत अंधार करून दिवा ६० सेंटिमीटरवर ठेवावा. पाच मिनिटे थांबून कापलेल्या टोकातून निघणारे बुडबुडे मिनिटभर मोजावेत. हा प्राणवायू. मग दिवा ३० आणि शेवटी १५ सेंटिमीटरवर आणावा. अंतर निम्मे झाले की उजेड चौपट होतो, हे मुलांच्या वहीत आधी लिहून ठेवावे. दिवा एलईडीचा असलेला बरा. जुन्या पिवळ्या दिव्याने पाणी तापते आणि वाढ उजेडाची की उष्णतेची, हे कळेनासे होते. बुडबुडे लहानमोठे निघतात, तेव्हा प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजून सरासरी काढावी. याच हायड्रिलावर जगदीशचंद्र बोस यांनी प्राणवायूची आपोआप नोंद करणारे यंत्र योजून काम केले होते. त्यांचा त्यावरील ग्रंथ १९२४ चा आहे.

मंद उजेडात बुडबुडे उजेडाच्या प्रमाणात वाढतात. दिवा पुरेसा प्रखर असेल तर पुढे ही वाढ मंदावते, आणि मग दिवा कितीही जवळ आणा, आकडा हलत नाही. त्या वेळी आणखी चिमूटभर सोडा घालून पाहावा. पुष्कळदा तो पुन्हा चढतो. म्हणजे उजेड भरपूर होता, अडले होते कर्बवायूपाशी. १९०५ साली ब्लॅकमन यांनी हेच नियमात बांधले: ज्या गोष्टीचा तुटवडा सर्वांत अधिक, तीच वेग ठरवते, बाकीच्या कितीही वाढवल्या तरी उपयोग नाही. आमच्या मते स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या स्त्रीला हे ब्लॅकमनसाहेबांच्या आधीपासून ठाऊक असावे. पीठ संपल्यावर तूप वाढवून पोळ्या वाढत नाहीत.

आपल्याच भागातली केळी पाहा. भर दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स भरते, आणि केळीसारख्या पिकाच्या एकट्या पानाला त्याचा तिसरा-चौथा हिस्साही बहुधा पुरतो. वैशाखात पाणी कमी पडले की पान आपली सूक्ष्म रंध्रे मिटून घेते, कर्बवायू आत येत नाही, आणि डोक्यावर सूर्य तळपत असून अन्न तयार होणे मंदावते. तेथे पाणी हाच उपाय. ज्वारी आणि ऊस मात्र निराळे: कर्बवायू साठवून घेण्याची त्यांची खास रीत १९६६ च्या सुमारास हॅच व स्लॅक यांनी उलगडली, आणि भर उन्हाचाही ती पिके उपयोग करून घेतात.

तुळशीचा प्रकार केळीच्या उलट आहे. लांबट फांद्या आणि फिकी पाने ही उजेडासाठी ताटकळल्याची खूण. अशा जागी खत निरुपयोगी, आणि वाढवलेले पाणी तर अपायकारक. जे झाड अन्नच करीत नाही ते पाणीही थोडेच ओढते, आणि ओल्या मातीत मुळे कुजतात. ओसरीवर दिवा लावून भागेल काय, असेही भगिनींनी विचारले आहे. घरातल्या साध्या दिव्याखाली शे-दोनशे लक्स मिळतात. तेवढ्यात झाडाच्या श्वसनाचा खर्चही जेमतेम निघायचा.

तेव्हा सासूबाईंची समजूत अशी घालावी की वृंदावन जागीच राहील, त्यातली तुळस तेवढी कुंडीत लावून गच्चीवर जाईल. पाणी निम्म्यावर आणावे. पहिले आठ दिवस सकाळचेच ऊन द्यावे, कारण सावलीत वाढलेली पाने पातळ असतात आणि एकदम दुपारच्या उन्हात करपतात. नवी फूट येईल ती जाड आणि गर्द असेल. वृंदावनात मंजिऱ्यांचे बी टाकून रोपे उगवतात का, ते पाहण्यास हरकत नाही, पण तीही वीतभर झाली की वरच न्यावी लागतील. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला कुंडी चार दिवस खाली अंगणात आणली तर झाडाला काही होत नाही.